नळीतून गोळ्या आणि बाळासाठी गोळीचा दहावा भाग: औषधाचे रूप बदलताना

प्रश्न थोडक्यात असा. वडील ७१ वर्षांचे. पक्षाघातानंतर गिळता येत नाही, नाकातून १४ नंबरची राइल्स ट्यूब घातली आहे. औषधे सात: पॅन्टोप्राझोल ४० मिग्रॅ, मेटोप्रोलॉल एक्सएल ५०, क्लोपिडोग्रेल ७५, अटोरवास्टॅटिन ४०, थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, टॅम्सुलोसिन ०.४ आणि रात्री फेनिटॉइन ३००. घरी सगळ्या गोळ्या एकत्र कुटून पाण्यात कालवून दिल्या जातात आणि नळी दोनदा तुंबली आहे. त्याच घरात चार महिन्यांचे बाळ आहे. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्यामुळे त्याला सिल्डेनाफिल २.५ मिग्रॅ दिवसातून तीनदा लिहून दिले आहे, आणि दुकानात मिळते ती २५ मिग्रॅची गोळी. अशी औषधे मापाने बनवून मिळतात का? आणि त्वचेवर चोळायच्या जेलमधून दिली तर ही कटकट मिटेल का?

जेलचे आधी सांगून टाकतो, नाही मिटणार. का, ते पुढे येईल. बाळासाठी औषध बनवून घेणे योग्य आहे आणि कदाचित तोच सर्वांत चांगला मार्ग आहे. वडिलांसाठी मात्र जवळपास काहीच बनवून घ्यायची गरज नाही. त्यांची यादी डॉक्टरांकडून नळीच्या हिशेबाने नव्याने लिहून घ्यायला हवी.

गिळता येत नाही म्हटले की घरात पहिला हात खलबत्त्याकडे जातो. तो खरे तर बराच नंतर जायला हवा. आधी विचारायचे, हे औषध आत्ता लागतेच आहे का? लागत असेल तर त्याचेच सिरप किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मिळते का? नसेल, तर त्याच कामाचे दुसरे औषध सोयीच्या रूपात आहे का? दुसऱ्या मार्गाने देता येते का? यातले काहीच जमले नाही तर साधी, आवरण नसलेली गोळी कुटायची. आणि तेही जमत नसेल तेव्हा औषध बनवून घ्यायचे. कारण गोळीचे आवरण किंवा कॅप्सूलमधले बारीक दाणे शोभेला नसतात. औषध पोटात कुठे आणि किती वेगाने सुटावे हे तेच ठरवतात. गोळी कुटली की ती व्यवस्था मोडते.

आता वडिलांची यादी एकेक करून.

पॅन्टोप्राझोलच्या गोळीवर आम्लात न विरघळणारे आवरण असते. कुटून जठरात सोडली तर ज्या आम्लासाठी ती द्यायची तेच आम्ल तिला नष्ट करते, म्हणजे औषध दिल्याचे समाधान आणि परिणाम जवळपास शून्य. नळीसाठी बरेचदा ओमेप्राझोल किंवा एसोमेप्राझोलचे दाणे सुचवले जातात, पण वडिलांना रक्ताच्या गुठळ्या रोखणारे क्लोपिडोग्रेल चालू आहे. क्लोपिडोग्रेल यकृतात ज्या एन्झाइममुळे सक्रिय होते, त्यालाच ही दोन औषधे अडवतात. म्हणून इथे लॅन्सोप्राझोलची तोंडात विरघळणारी गोळी बरी. १५ मिग्रॅची गोळी ४ मिली पाण्यात, ३० मिग्रॅची १० मिलीत विरघळू द्यायची आणि १५ मिनिटांच्या आत नळीतून द्यायची. यातही आवरणाचे अतिसूक्ष्म दाणे असतात, त्यामुळे ती कुटायची मात्र नाही. फॅमोटिडिन हाही पर्याय आहे. हे औषध कधी बंद करायचे तेही त्याच भेटीत विचारा. रुग्णालयात सुरू झालेली आम्लविरोधी औषधे घरी वर्षानुवर्षे चालू राहतात.

मेटोप्रोलॉल एक्सएल म्हणजे २४ तास हळूहळू सुटणारे औषध. या गोळ्या बहुतेक मधल्या रेषेवर अर्ध्या करता येतात, पण कुटता येत नाहीत. कुटली की दिवसभराचे औषध तासा-दोन तासांत रक्तात येते. नाडी ४५ पर्यंत उतरते आणि रक्तदाब खाली जातो, मग रात्री औषध संपल्यावर दाब उसळतो. उपाय सोपा आहे: साधे मेटोप्रोलॉल टार्ट्रेट २५ मिग्रॅ दिवसातून दोनदा. ती गोळी कुटता येते. हृदयाची पंपाची ताकद कमी झाली म्हणून एक्सएल दिले असेल तर गोष्ट वेगळी, कारण त्या आजारात साध्या मेटोप्रोलॉलचा पुरावा तेवढा भक्कम नाही. तिथे डॉक्टर कार्व्हेडिलॉलचा विचार करतील, आणि तेही कुटता येते.

क्लोपिडोग्रेल आणि अटोरवास्टॅटिन यांवर फक्त पातळ रंगीत थर असतो. कुटायला हरकत नाही.

थायरॉक्सिनची गोळी बारीक होते, पाण्यात लवकर पसरते आणि तितक्याच लवकर नळीच्या आतल्या भिंतीला चिकटते. पहाटे पोट रिकामे असताना १० मिली पाण्यात कालवून लगेच द्या, मागून ३० मिली पाणी सोडा, आणि एक तास फीड (नळीतून द्यायचा पातळ आहार) देऊ नका. सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडले की रक्तात वाढणारा घटक) तपासा. मात्रा तीच असूनही टीएसएच चढलेला दिसला तर डोस वाढवण्याआधी औषध आणि फीड यांत किती वेळ जातो ते पाहा.

लघवी मोकळी होण्यासाठीच्या टॅम्सुलोसिनच्या कॅप्सूलमध्ये हळू सुटणारे दाणे असतात, तेही कुटायचे नाहीत. लघवीसाठी नळी (कॅथेटर) आधीच घातलेली असेल तर तूर्त या औषधाची गरज आहे का, हे विचारण्यासारखे आहे. गरज असेल तर सिलोडोसिनची कॅप्सूल उघडून त्यातली पूड देता येते. मात्र या गटातल्या औषधांनी दाब घसरतो. पक्षाघातानंतर नुकतेच उठवून बसवायला लागलेल्या माणसात तिकडे लक्ष हवे.

राहिले फेनिटॉइन, म्हणजे झटके (फिट) येऊ नयेत म्हणून द्यायचे औषध. खरी गोची इथे आहे.

फेनिटॉइन फीडमधल्या घटकांना आणि नळीला चिकटून बसते. फीड सतत चालू असताना दिले तर रक्तातली पातळी निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. आधी ठणठणीत नियंत्रणात असलेल्या माणसाला एकाएकी झटका येतो आणि दोष आजाराला दिला जातो. म्हणून औषधाच्या आधी एक ते दोन तास आणि नंतरही तेवढाच वेळ फीड थांबवावे लागते. सस्पेन्शन (औषधाची पूड तरंगत असलेले पातळ औषध) तितक्याच किंवा जास्त पाण्यात पातळ करून द्यायचे आणि नळी आधी-नंतर नीट धुवायची. कॅप्सूल आणि सस्पेन्शनमधले फेनिटॉइन एकसारखे नसते. कॅप्सूलमध्ये ते सोडियम क्षाराच्या रूपात असते आणि १०० मिग्रॅ क्षारात फेनिटॉइन ९२ मिग्रॅच भरते. सस्पेन्शन लवकर शोषले जाते, त्यामुळे रात्रीचा एकच मोठा डोस दोन-तीन भागांत विभागावा लागतो. बाटली न हलवता दिली तर सुरुवातीचे दिवस पातळ पाणी आणि शेवटचे दिवस तळाचा गाळ पोटात जातो. महिन्याच्या आरंभी झटके आणि महिन्याअखेरीस झोपाळूपणा, तोल जाणे, डोळे भिरभिरणे असे चित्र दिसले तर आधी बाटलीकडे पाहा. आणि ५ मिलीत किती मिग्रॅ हे लेबलवर दर वेळी वाचा, कारण वेगवेगळ्या तीव्रतेच्या बाटल्या मिळतात.

याच्या वर आणखी एक त्रास. फेनिटॉइन शरीराबाहेर टाकण्याची यकृताची क्षमता ठरावीक आहे. ती भरली की डोस थोडासा वाढवला तरी पातळी एकदम उडी घेते. रक्तातली पातळी १० ते २० मायक्रोग्रॅम प्रतिमिली ठेवायची असते, आणि आजारी माणसात रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर तो आकडाही फसवतो. या सगळ्या कारणांनी, नळी काही आठवडे राहणार असेल तर लेव्हेटिरासिटामवर जाता येईल का हे मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर विचारा. त्याचे सिरप १ मिलीत १०० मिग्रॅ असे मिळते, फीड थांबवावे लागत नाही, आणि पातळीचा पाठलाग करावा लागत नाही. मूत्रपिंड कमकुवत असेल तर डोस कमी लागतो, एवढेच. फेनिटॉइन आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

यादी पुढे बदलेल, म्हणून ओळखीच्या खुणा सांगून ठेवतो. नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर, सीआर, एमआर, रिटार्ड, क्रोनो असे काही असेल तर कुटू नका. ‘ओडी’ आणि ‘ओडीटी’ यांत गफलत होते: पहिले सहसा दिवसातून एकदाची, हळू सुटणारी गोळी, दुसरे तोंडात विरघळणारी, जी नळीला सोयीची. खूण नसली म्हणजे कुटायला परवानगी मिळाली असेही नाही. हृदयरुग्णांच्या ७५ मिग्रॅ अ‍ॅस्पिरिनवर बहुधा आम्लरोधक थर असतो. डाबिगाट्रानची कॅप्सूल उघडून आतले दाणे दिले तर रक्तात जाणारे औषध सुमारे ७५ टक्क्यांनी वाढते, आणि हे रक्त पातळ करणारे औषध असल्याने वाढ म्हणजे थेट रक्तस्राव. त्याच कामाचे अपिक्साबान कुटून ६० मिली पाण्यात देता येते. रिव्हारोक्साबानही कुटता येते, पण नळीचे टोक जठरात असले पाहिजे. ते आतड्यात असेल तर शोषण घटते. फिनास्टेराइड, मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट यांची पूड कुटणाऱ्याच्या अंगावर उडते. घरात गरोदर बाई असेल तर तिने ते काम मुळीच करू नये.

आता नळी का तुंबते. १४ नंबर म्हणजे बाहेरचा व्यास साधारण ४.७ मिमी, आतली पोकळी त्याहून बरीच कमी. त्यात एकत्र कुटलेल्या सात गोळ्यांचा लगदा आणि मागोमाग दुधाळ फीड. काही औषधे आम्लधर्मी असतात, त्यांनी फीडमधले प्रथिन फाटते आणि दह्यासारखी गाठ बसते. पाण्याने न धुतलेल्या नळीत ती गाठ पुढच्या डोसपर्यंत घट्ट होते.

खाटेचे डोके ३० ते ४५ अंश वर करा. नाकपुडीजवळची खूण जागेवर आहे का पाहा. आतला स्राव थोडा ओढून पीएच पट्टीवर घ्या. ५.५ किंवा कमी आला तर टोक जठरात आहे. आम्लविरोधी औषध चालू असताना आकडा वर येऊ शकतो. शंका राहिली तर औषध न देता एक्स-रेचा निर्णय डॉक्टरांवर सोडा. सिरिंजने हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही, फुप्फुसात गेलेली नळीही तसाच आवाज देते.

सिरिंज ५० मिलीची, नळीत बसणाऱ्या जाड टोकाची घ्या. छोटी सिरिंज तेवढ्याच जोराने जास्त दाब निर्माण करते आणि बारीक नळी फाटू शकते. दुसरे कारण याहून महत्त्वाचे. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये कुटलेले औषध भरून ठेवले की ते कधीतरी सलाइनच्या लाइनला जोडले जाते, आणि शिरेत गेलेली गोळीची पूड जीव घेते. घरात परिचारिका पाळीपाळीने येत असतील तर हा धोका कल्पनेतला समजू नका.

नळीत आधी ३० मिली साधे कोमट पाणी. मग एक औषध, १० ते १५ मिली पाण्यात. मग १० मिली पाणी. मग दुसरे औषध. शेवटी पुन्हा ३० मिली. दोन औषधे कधीही एका वाटीत नाहीत, आणि कुठलेही औषध फीडच्या पिशवीत नाही. दूध, चहा, रस यांत कालवायचे नाही. बऱ्याच साध्या गोळ्या कुटाव्याही लागत नाहीत. सिरिंजचा दांडा काढून गोळी आत टाकायची, दांडा बसवून १० मिली पाणी ओढायचे आणि पाच मिनिटे हलवायचे. गोळी आतच विरते आणि खलाला चिकटून वाया जाणारा भाग वाचतो. रंगीत थर असलेली गोळी पाण्यात दहा मिनिटे भिजवून मग खलात घोटली तर थराचे कपटे उरत नाहीत. कपटे तरंगतात आणि नळीच्या भोकाशी अडकतात.

पाण्याचा हिशेबही ठेवा. सात औषधे एकाच बैठकीत दिली तरी प्रत्येकी १५ मिलीप्रमाणे १०५, मधल्या सहा धुण्यांचे ६०, आधी-नंतरचे ६०, असे २२५ मिली होतात. प्रत्यक्षात वेळा वेगळ्या, म्हणजे आकडा आणखी मोठा. पाण्यावर बंधन असलेल्या हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णात हे दिवसाच्या कोट्यात धरावे लागते.

सिरप आले की सगळे सुटले असेही नाही. पुष्कळ सिरपांत साखरेऐवजी सॉर्बिटॉल असते. तीन-चार सिरपांचे मिळून दिवसाला १० ग्रॅमच्या पुढे गेले की पोट फुगते, २० ग्रॅमच्या आसपास जुलाब लागतात, आणि दोष फीडला दिला जातो. पोटॅशियम क्लोराइडचे सिरप न पातळ करता सोडले तर जठराला चटका बसतो.

तुंबलेली नळी उघडायला ५० मिलीच्या सिरिंजने ३० मिली कोमट पाणी, हलक्या हाताने पुढे-मागे. नाही हलली तर पाणी आत ठेवून नळी १५-२० मिनिटे बंद करा आणि पुन्हा पाहा. कोला ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे: आम्लाने प्रथिनाची गाठ आणखी आवळते. तार घालणे तर नकोच. रुग्णालयात स्वादुपिंडाचे एन्झाइम आणि सोडा बायकार्ब मिसळून गाठ विरघळवतात, तिथवर गोष्ट गेली तर नळी बदलणेच बहुधा सोपे.

आता बाळ.

२५ मिग्रॅच्या गोळीचे दहा समान भाग कोणाच्याही हाताने होत नाहीत. चार भागांतही चांगलाच फरक पडतो. पूर्वी दवाखान्यातले कंपाउंडर पुड्या बांधत, आजही काही ठिकाणी बांधून मिळतात. गोळीची पूड लॅक्टोजमध्ये (दुधातल्या साखरेत) मिसळून समान वाटायची. यात मिसळण्याची पद्धत महत्त्वाची: थोड्या पुडीत तेवढेच लॅक्टोज, मग झालेल्या मिश्रणाएवढे पुन्हा लॅक्टोज, असे दुप्पट करत जायचे. सगळे लॅक्टोज एकदम ओतले तर एका पुडीत दुप्पट औषध आणि दुसरीत काहीच नाही. शिवाय पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कागदी पुडी ओल धरते आणि पूड कागदालाच राहते. तान्ह्या बाळासाठी पातळ औषध बरे.

सिल्डेनाफिलचे २.५ मिग्रॅ प्रतिमिली सस्पेन्शन हे चांगले तपासलेले सूत्र आहे. एक टक्का मिथाइलसेल्युलोज आणि साधा सिरप समप्रमाणात घेऊन केलेले हे औषध ९१ दिवस टिकते असे तपासणीत दिसले आहे. १०० मिलीला २५० मिग्रॅ औषध, म्हणजे २५ च्या दहा गोळ्या. बाळाला दिवसाला ३ मिली, महिन्याला ९० मिली, वर दहा मिली सांडलवंडीला. मापे छान जुळतात.

फार्मासिस्ट हे असे करतो. दहा गोळ्या खलात बारीक करायच्या. मिथाइलसेल्युलोज आणि सिरपचे काही मिली मिश्रण घालून गाठी न राहणारा गुळगुळीत लेप घोटायचा. कोरड्या पुडीवर एकदम द्रव ओतला तर गाठी होतात आणि त्या नंतर कधीच फुटत नाहीत. मग थोडे थोडे मिश्रण घालत पातळ करायचे, मापाच्या नळकांड्यात ओतायचे, खल दोन-तीनदा त्याच मिश्रणाने विसळून तेही त्यात घालायचे, आणि शेवटी १०० मिलीच्या खुणेपर्यंत भरायचे. पुडीत १०० मिली घालायचे नाही, एकूण १०० मिली करायचे. हा फरक शिकाऊ हाताकडून हमखास चुकतो. बाटली तपकिरी, आणि वर मोकळी जागा ठेवलेली. काठोकाठ भरलेली बाटली हलवता येत नाही.

लेबलवर ठळक अक्षरांत ‘१ मिली = २.५ मिग्रॅ, एका वेळी १ मिली’ असे हवे. कारण या औषधात धोका डोळ्यांसमोर बसला आहे. चिठ्ठीवर ‘२.५’ दिसतो आणि रात्री दोन वाजता कोणीतरी २.५ मिली भरतो. म्हणजे ६.२५ मिग्रॅ, अडीचपट. दुसरी चूक रुग्णालय बदलल्यावर होते. तिकडचे फार्मासिस्ट वेगळ्या तीव्रतेचे सस्पेन्शन देतात आणि घरी मिली तेच चालू राहतात. नवी बाटली आली की आधी १ मिलीत किती हे वाचा. चमच्याने कधीच नाही, १ मिलीच्या तोंडाने द्यायच्या सिरिंजने.

९१ दिवसांचा आकडा त्या ठरावीक सूत्राचा आहे. तुमच्याकडे बनवणाऱ्याने दुसरा द्रव वापरला की तो लागू होत नाही. अमेरिकेच्या औषधसंहितेचा २०२३ पासूनचा सर्वसाधारण दंडक असा आहे: टिकाऊपणाचा पुरावा नसेल तर परिरक्षक (जंतू वाढू न देणारा पदार्थ) नसलेल्या पाणीदार औषधाला फ्रिजमध्ये १४ दिवस, परिरक्षक असलेल्याला ३५ दिवस. मी तो इथेही पाळण्याच्या बाजूचा आहे. परिरक्षकाचीही निवड असते. बेंझिल अल्कोहोलमुळे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नवजात बाळे दगावली होती, तान्ह्यांच्या औषधात ते नको. गोडीसाठी मध तर एक वर्षाखालील बाळाला नाहीच.

बाटली हातात येईपर्यंत डॉक्टरांच्या संमतीने तात्पुरते असे चालते: २५ मिग्रॅची एक गोळी मोजून १० मिली पाण्यात पूर्ण विरू द्यायची, जोरात ढवळून लगेच मधल्या थरातून १ मिली ओढायचे, उरलेले फेकून द्यायचे. ‘लगेच’ यासाठी की या औषधाचा क्षार पाण्यात साधारण ३.५ मिग्रॅ प्रतिमिली एवढाच विरघळतो, २.५ मिग्रॅ सिल्डेनाफिल म्हणजे सुमारे तेवढाच क्षार, आणि आपण अगदी त्या काठावर आहोत. हीच युक्ती स्पायरोनोलॅक्टोनला लावू नका, ते पाण्यात जवळपास विरघळत नाही आणि पाहता पाहता तळाशी बसते. कॅप्टोप्रिल उलट सहज विरघळते, पण पाण्यात त्याचे ऑक्सिडीकरण सुरू होते, म्हणून दर वेळी ताजेच करायचे.

बनवून कुठे घ्यायचे? भारतीय कायद्यात याला जागा आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध बनवणे-मिसळणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे. मात्र गल्लीतल्या दुकानात आता खल, मापे, तराजू यांतले काही नसते, आणि नसेल तिथे आग्रह धरू नये. बाळाचे हृदयाचे उपचार जिथे चालू आहेत त्या रुग्णालयाच्या फार्मसीत आधी विचारा. तिथे तीन गोष्टी विचारा: कोणते सूत्र, कोणता द्रव, आणि टिकण्याची तारीख कशावरून. उत्तर चटकन आले तर निश्चिंत राहा.

कच्च्या मालाबद्दलही विचारा, संकोच करू नका. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले ते ग्लिसरीनमुळे. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन मिसळलेले होते, आणि त्यानेच मूत्रपिंडे निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल हे बनवलेल्या सिरपांतले नेहमीचे घटक आहेत. दिसायला, चवीला औषधी आणि औद्योगिक माल सारखाच असतो, फरक फक्त प्रयोगशाळेच्या दाखल्यात दिसतो.

डोळ्यांचे थेंब, इंजेक्शने, फवाऱ्याची द्रावणे मात्र निर्जंतुक खोलीच्या बाहेर कोणी बनवून देतो म्हणाला तर घेऊ नका. २०१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एका कंपाउंडिंग केंद्राने (मापाने औषधे बनवून देणाऱ्या संस्थेने) बनवलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनांत बुरशी निघाली. साडेसातशेवर लोक आजारी पडले आणि ६० हून जास्त मेले. त्यानंतर तिथला कायदाच बदलावा लागला.

आता जेल. त्वचा ही आत जाऊ न देण्यासाठीच बनलेली आहे. सुमारे ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचे माप) छोटा, तेलात आणि पाण्यात दोन्हींत थोडा विरघळणारा, आणि दिवसाला काही मिग्रॅमध्येच काम भागवणारा रेणूच तिच्यातून कामापुरता जातो. म्हणून फेंटानिल, नायट्रोग्लिसरीन, निकोटिन यांचे पॅच आहेत आणि मेटोप्रोलॉलच्या जेलचे नाव कोणी काढत नाही. लेसिथिन या तेलकट पदार्थाच्या जेलमध्ये काहीही घालून मनगटाला चोळायचे, हा अमेरिकेतल्या कंपाउंडिंग दुकानांचा आवडता प्रकार. मळमळीसाठी लोराझेपाम, डायफेनहायड्रामिन आणि हॅलोपेरिडॉलचे असे जेल तिथल्या मरणोन्मुख रुग्णांना सर्रास लावले जाई. २०१२ मध्ये निरोगी लोकांच्या रक्तात मोजून पाहिले तेव्हा त्यातली दोन औषधे सापडलीच नाहीत आणि तिसरे नावापुरते. वेदनेसाठी बनवलेल्या क्रीमची ३९९ रुग्णांवरची चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीही साध्या क्रीमपेक्षा सरस ठरली नाहीत.

खरोखर उपयोगी पर्यायी मार्ग आहेत, आणि वडिलांसाठी त्यातला एक घरात हवाच. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर मिडाझोलामचा नाकातला फवारा. मात्रा साधारण ०.२ मिग्रॅ प्रतिकिलो, एरवी दोन नाकपुड्यांत वाटून. एका फवाऱ्यात काही डब्यांत ०.५ मिग्रॅ तर काहींत १.२५ मिग्रॅ असते. म्हणून किती फवारे हे डॉक्टरांकडून डबीवरच लिहून घ्या, त्या क्षणी कोणाला गणित सुचत नाही. वडिलांच्या वयात आणि पक्षाघातानंतर श्वास मंदावण्याचा धोका असतो, त्यामुळे मात्रा त्यांच्यापुरती ठरवून घ्यावी लागेल. त्यांना राइल्स ट्यूब ज्या नाकपुडीत आहे ती सोडून दुसरीत द्या.

ताप आला आणि नळी तुंबलेली असेल तर गुदमार्गे पॅरासिटामॉलची वर्ती चालते. परिणाम हळू येतो, दोन-तीन तासही लागतात. तासाभरात ताप उतरला नाही म्हणून दुसरी घालू नका. वर्ती कापून अर्धी करणेही टाळा, औषध तिच्यात सारखे पसरलेले असेलच असे नाही. फेंटानिलचा पॅच पुढे कधी लागला तर तो बसायला १२ ते २४ तास, बदलायचा ७२ तासांनी, कापायचा नाही, आणि त्यावर शेक तर अजिबात नाही: उष्णतेने औषध झपाट्याने आत जाते. त्वचेखाली लावलेल्या बटरफ्लाय सुईतून सलाइन आणि मॉर्फिन घरी देता येते, शीर शोधावी लागत नाही. डायझेपाम मात्र त्या मार्गाने नाही, जागा जळते.

नळी निघेल तेव्हाही यादी पुन्हा पाहायला लागते, आणि हे बहुतेकांकडून राहून जाते. फीड बंद झाले की फेनिटॉइन पुन्हा नीट शोषले जाऊ लागते. नळीच्या काळात वाढवलेला डोस तसाच चालू राहिला तर आठवड्याभरात माणूस झोपाळतो, अडखळतो, आणि घरचे घाबरतात की दुसरा पक्षाघात आला. नळी काढण्याची तारीख ठरली की त्याच दिवशी फेनिटॉइनची पातळी, नाडी-रक्तदाब आणि गोळ्यांचे मूळ रूप या तिन्हींसाठी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवा. गिळता येते म्हणून सांगितले तरी पहिले काही दिवस गोळी पाण्याबरोबर न देता केळ्याच्या गरात किंवा मऊ भातात द्या. पातळ पाण्याचा ठसका लागतो, घट्ट घासाचा सहसा नाही.